मसाजची खुर्ची, सहा ससाणे आणि हसनभाई

वजनाच्या बाबतीत माणूस खरं बोलत नाही, एवढं एक ज्ञान गाठीशी बांधून मी निवृत्त झालो. बॅगेचं वजन विचारलं तर कमी सांगतो आणि स्वतःचं विचारलं तर विषय बदलतो. दुसऱ्यांचं कशाला, आमच्याच घरचं सांगतो. सुट्टीत गावी निघालो की बायको मुलाला दोन स्वेटर घालायची, त्यांच्या खिशांत खजूर कोंबायची आणि माझ्या कोटाच्या आत इस्त्री लपवायची. शारजाच्या उन्हाळ्यात स्वेटर घातलेला मुलगा पाहून विमानतळावरच्या काउंटरवरच्या बाईला सगळं कळे. तीही सुट्टीत केरळला अशीच जात असल्यामुळे गप्प बसे. आणि याच घरातला कर्ता पुरुष एरवी दिवसभर लोकांच्या बॅगा काट्यावर चढवून 'जास्त आहे, उतरवा' म्हणायचा पगार घेत असे.

संपादकबाईंनी यंदाच्या अंकासाठी आकाशाला गवसणी घालणाऱ्या माणसांकडून लेख मागवलेत. मी कशालाच गवसणी घातलेली नाही. शारजातल्या एका छोट्या विमान कंपनीत मी लोडमास्टर होतो, म्हणजे विमानात काय चढेल, ते कुठे ठेवलं जाईल आणि काय जमिनीवर राहील हे ठरवणारा माणूस. आडनाव मुकादम आणि कामही मुकादमाचंच. मी बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जमिनीवर काय राहिलं, तेच लिहा." म्हणून लिहितो आहे.

आमच्या कंपनीचं एकुलतं एक विमान माझ्या वडिलांच्या लग्नाच्याही आधी बांधलेलं होतं. दोन पंखे, शेपटी जमिनीला टेकलेली आणि नाक वर. आत शिरल्यावर सीटपर्यंत चढण चढावी लागे. कॅप्टन व्हिक्टर त्याच्या भाषेत त्याला काहीतरी लाडाच्या नावानं हाक मारी, आम्ही 'म्हातारी' म्हणत असू. म्हातारीचं काम एकच. मध्ये एका बंदराच्या गावी इंधन भरायचं आणि आफ्रिकेच्या वाळवंटातल्या एका सोन्याच्या खाणीवर माल आणि माणसं पोचवायची.

एवढं जुनं विमान कशाला, असं लोक विचारत. कारण साधं होतं. खाणीपर्यंत धड रस्ता नव्हता. बुलडोझर फिरवून सपाट केलेली खड्यांची एक आखूड पट्टी होती, तीच धावपट्टी. नवं जेट तिथं उतरलं असतं तर इंजिनानं खडे गिळले असते आणि तिथेच प्राण सोडला असता. म्हातारीचे पंखे उंचावर, चाकं जाडजूड आणि चाल संथ. नव्या विमानाला चांगली धावपट्टी लागते, हिला नुसती परवानगी लागे.

आता माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द. माझे वडील बाणकोटच्या खाडीत होडी चालवायचे. वऱ्हाड बसलं की सगळे नवरदेवाच्या बाजूला दाटी करत आणि होडी कलंडायला लागे. वडील ओरडत, "लग्न पलीकडे आहे, आधी सारखे बसा." विमानाचं तसंच असतं. एकूण वजन किती याच्याइतकंच ते कुठे ठेवलंय हे महत्त्वाचं. मागे जास्त झालं की शेपूट खाली जाते, आणि हवेत शेपूट खाली गेली की पलीकडे लग्न वगैरे काही राहत नाही. त्यात ऊन. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात विमानाला बळ मिळत नाही. सकाळी जी म्हातारी म्हैस उचलेल, तिला दुपारी बकरी झेपत नसे. खाणीवर तर सकाळचा गारवा चहा संपेपर्यंत टिके. म्हणून परतीच्या वेळी दरखेपेला काहीतरी उतरवून ठेवावं लागे. याला आमच्यात 'ऑफलोड' म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, पण त्यासाठी मला मिळालेल्या शिव्या सर्व भाषांतल्या आहेत.

खाणीचे चेअरमन दुबईच्या एका काचेच्या मनोऱ्यात बसत. ते मूळचे कुठले, हे त्यांच्या सगळ्या पासपोर्टांना एकत्र बसवून विचारावं लागलं असतं. खाणीवर ते क्वचित जात, पण तिथल्या पाहुणे-बंगल्याची काळजी वर्षभर करत. ही काळजी आमच्यापर्यंत पोचवायला त्यांनी साठे नावाचा माणूस ठेवला होता. पुण्याचा मुलगा, मोठ्या संस्थेत शिकलेला, हुद्दा 'व्हीआयपी एक्स्पीरियन्स हेड'. मला तो 'मुकादमकाका' म्हणे, त्यामुळे त्याला शिव्या देणं अवघड जाई.

एकदा विमान भरून तयार असताना साठे गाडीतून उतरला. मागे टेम्पोत एक खोकं.

"काका, आज चेअर जाणार."

"कसली?"

"मसाज चेअर. जॅपनीज. चेअरमनसरांच्या बॅकसाठी."

"मग कांदे राहतील. कांदे, बटाटे आणि निम्मं पीठ."

"नेक्स्ट फ्लाइटला टाका ना. अनियन्स कॅन वेट."

"कांदे थांबतील हो. खाणीतल्या माणसांना रोज भूक लागते."

"काका, यल्ला, चला. सर ऑलरेडी अपसेट आहेत."

खुर्ची गेली, कांदे राहिले. दुसऱ्या दिवशी रेडिओवरून छावणीच्या स्वयंपाक्याचा, हसनभाईंचा निरोप आला: "मुकादम, खुर्ची मिळाली. हिची भाजी सुकी करतात की रश्श्याची, ते कळव." पुढे कळलं की खुर्ची सुरू केल्याबरोबर जनरेटरनं मान टाकली आणि पाण्याच्या पंपासकट सगळी छावणी बंद पडली. त्यानंतर तिच्यावर चादर घालून ठेवण्यात आली. चेअरमनसाहेबांची पाठ काही त्या वर्षी तिकडे फिरकली नाही.

गुंतवणूकदारांना मात्र खाण दाखवायला न्यावंच लागे. माझा नियम होता, जो विमानात चढेल तो आधी काट्यावर चढेल. एका बड्या गुंतवणूकदारानं काट्यावर उभं राहण्याआधी बूट काढले, घड्याळ काढलं, पट्टा काढला आणि शेवटी श्वास सोडला. मी म्हटलं, "सर, हवेचं वजन मी धरत नाही." तो म्हणाला, बायकोला आकडा कळवू नका. असाच एक सल्लागार आला होता, खाणीवर फालतू खर्च कुठे होतो ते शोधायला. तीन बॅगा घेऊन आला, दोन जेवणं जेवला आणि अहवालात पहिली शिफारस केली की वजनकाट्यावरचं मनुष्यबळ कमी करावं. तिथं मनुष्यबळ म्हणजे मीच. साठेनं तो अहवाल हरवला. साठे तसा मनानं वाईट नव्हता.

हसनभाईंबद्दल मात्र नीट सांगायला हवं. आमच्याच खाडीच्या पलीकडच्या काठचा माणूस. पोट एवढं की काट्यावर उभे राहिले की त्यांना आकडा दिसत नसे. मी सांगेन तो ते मान्य करत. माझ्या सबंध नोकरीत भेटलेला हा एकमेव प्रामाणिक प्रवासी. नाना देशांच्या माणसांना ते दोन वेळ जेवू घालत आणि स्वतः माशांची आठवण काढत बसत. वाळवंटात राहून त्यांनी सुरमईबद्दल जेवढं बोलून घेतलं, तेवढं कोळ्यांच्या संमेलनातही कुणी बोलत नसेल. त्यांच्याकडे एक जाडजूड हातमोजा होता, चुलीवरची देग उतरवायचा. मुलगी नसीम लहान असताना तिला पांघरायला केलेल्या गोधडीचा तुकडा काढून त्यांच्या बायकोनं, फातिमाभाभीनं, तो शिवला होता. लाल-हिरव्या चिंध्यांचा. हसनभाई तो कुणाला हात लावू देत नसत.

त्या नसीमचा निकाह ठरला. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्यात मुलीचा निकाह तिचा बाप लावून देतो, तो तिचा वली, पालक म्हणा. बाप परदेशात अडकला तर फोनवरून दुसऱ्याला अधिकार देता येतो, आणि आखातात अडकलेल्या कितीतरी बापांनी तसंच केलंय. पण नसीमनं फोनवर सांगून ठेवलं होतं, "अब्बा, शाळेच्या दाखल्यापासून सगळ्या सह्या मामूंनी केल्या. एवढी एक गोष्ट तुम्ही करा. तुम्ही आलात तर निकाह. नाहीतर माणसं बिर्याणी खाऊन घरी जातील." पोरीचा स्वभाव बापाला ठाऊक होता. ती खरंच तसं करणार. हसनभाईंनी रजा मंजूर करून घेतली, म्हातारीवर जागा सांगून ठेवली आणि नवा पांढरा कुर्ता शिवून घेतला.

नेमके त्याच वेळी चेअरमनसाहेबांचे पाहुणे खाणीजवळ शिकारीला आले. सोबत ससाणे, तंबू, तंबू गार करायचं यंत्र आणि ससाण्यांच्या जेवणासाठी गोठवलेले लाव्हे पक्षी. थोडे दिवस धूळ खाल्ल्यावर पाहुणे कंटाळले. हेलिकॉप्टर मागवलं, सगळ्यात लाडका ससाणा आणि दोन राखणदारांपैकी एक बरोबर घेतला आणि राजधानीकडे निघून गेले. मागे राहिले सहा ससाणे, गुलखान नावाचा एक राखणदार आणि सगळा बाडबिस्तरा. हे सगळं म्हातारीनं शारजाला आणायचं होतं. शिवाय साठेचा हुकूम होता की बिघडलेली मसाजची खुर्चीही दुरुस्तीला परत आणावी.

मी विमानाबरोबर खाणीवर गेलो होतो. एकेक नग काट्यावर चढवला. ऊन चढायला लागलं होतं. ससाण्यांचं वजन ते काय, पाखरंच ती. पण प्रत्येकाला एक सीट, प्रत्येकाची बसायची खुंटी, यंत्र, तंबू, लाव्ह्यांच्या पेट्या आणि वर ती खुर्ची. बेरीज संपली तेव्हा हसनभाईंना ना जागा उरली होती, ना वजन. पुढचं विमान निकाहानंतरचं होतं.

मी मान वर केली तर हसनभाई समोर. नवा कुर्ता, धुळीसाठी डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला, अंगाला अत्तराचा वास आणि हातात गोधडीचा मोजा. जाता जाता दुपारची देग उतरवून आले होते.

"काय मुकादम, मी जमिनीवर ना?" त्यांनीच विचारलं.

मी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. दुसऱ्या कुणाला उतरवताना मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी आपल्या धंद्याची शिसारी आली. मी सॅटेलाइट फोन उचलून साठेला लावला.

"साठे, इथं एक माणूस आहे. त्याच्या मुलीचं लग्न आहे."

"काका, आय फील फॉर हिम. पण फॉल्कन्स आर नॉन-निगोशिएबल."

"सहा पक्षी सहा सीटवर बसणार?"

"ऑफकोर्स. त्यांचे पासपोर्ट आहेत."

"हसनभाईंचाही आहे."

"हो, पण त्याच्यावर चेअरमनसरांच्या गेस्टचं नाव नाहीये ना. काका, खलास, डिस्कशन नको. फक्त हँडलर रेशो बघा. तीन बर्ड्सना एक हँडलर. पॉलिसी आहे, मीच ड्राफ्ट केलीय."

"इथं एकच राखणदार आहे. दुसरा पाहुण्यांबरोबर गेला."

साठेनं तिकडे पॉलिसीची पानं उलटली. मग म्हणाला, "देन होल्ड द फ्लाइट. सेकंड हँडलर मिळेपर्यंत उडायचं नाही."

"किती वेळ थांबायचं?"

"आज, उद्या, परवा. नो इश्यू."

ज्या विमानात एका बापाला जागा नव्हती, ते पाखराच्या राखणदारासाठी परवापर्यंत थांबायला तयार होतं. मी समोर पाहिलं. हसनभाई कुर्त्याची बाही खाली ओढत उभे होते.

"मिळाला," मी म्हटलं. "राखणदार मिळाला. इथेच आहे, अनुभवी. पक्ष्यांशी रोजचा संबंध."

हे खोटं नव्हतं. कोंबड्यांशी हसनभाईंचा रोजच संबंध येई.

"ग्रेट! मग इन्शाल्ला रेशो मॅच झाला."

"पण अंगानं भारी आहे. काहीतरी ऑफलोड करावं लागेल."

"काहीही करा काका, बर्ड्सना टच करू नका. आणि दोन्ही हँडलर्सचे फोटो पाठवा, फाइलला लागतील."

मी फोन ठेवला आणि मसाजची खुर्ची खाली उतरवली. एवढ्या आनंदानं मी आयुष्यात दुसरं काही ऑफलोड केलेलं नाही.

गुलखाननं हसनभाईंना जागेवरच धडा दिला. "हाथ सीधा रखो. उसकी आँख में मत देखो. डरो मत, बाज समझ जाता है." पाच ससाणे खुंट्यांवर शांत बसणारे होते. सहावा तरणा होता, बिथरायचा, त्याला हातावरच घ्यावं लागे. जादा हातमोजा दुसऱ्या राखणदाराबरोबर गेला होता. हसनभाईंनी गोधडीचा मोजा चढवला आणि हात पुढे केला. ससाणा त्या लाल-हिरव्या चिंध्यांवर बसला. मी फोटो काढून साठेला पाठवला.

विमान उडालं. हसनभाई हात सरळ धरून पुतळ्यासारखे बसले होते. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं दुआ म्हणतायत. पण ते निकाहाच्या वेळी वलीनं म्हणायच्या शब्दांचा सराव करत होते. इंजिनांचा आवाज एवढा की ओरडूनच बोलावं लागे, आणि समोर बसवायला जावई नव्हता, म्हणून ते ससाण्यालाच सांगत होते, "माझ्या मुलीचा, नसीमचा, निकाह मी तुझ्याशी लावून देतो!" ससाण्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी. तो काय बोलणार? शेवटी मीच मागून ओरडलो, "कबूल!"

कॅप्टन व्हिक्टरनं वळून पाहिलं. "प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम, कॅप्टन. वेडिंग."

त्यानं मान डोलावली आणि पुन्हा समोर बघायला लागला. म्हातारीत त्यानं याहून विचित्र गोष्टी पाहिल्या असाव्यात.

हवेतल्या खड्ड्यांत विमान आदळलं की ससाणा नख्या आत रोवायचा. हसनभाईंचा चेहरा आक्रसायचा, पण हात हलला नाही. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "मुकादम, गेल्या खेपेला नसीम माझ्या खांद्याला लागत होती. आता कुठवर आली असेल रे?" सगळ्या जगाची वजनं मला पाठ होती, पण त्यांच्या मुलीची उंची मी कुठून सांगणार? मी खिडकीबाहेर पाहत राहिलो आणि डोळे पुसले. हसनभाईंचा एक हात गुंतलेला होता, त्यांनी दुसऱ्यानं पुसले.

शारजाला सहा ससाण्यांसाठी गार केलेली गाडी आणि डॉक्टर हजर होते. हसनभाई रांगेत उभे राहिले. तिथून मुंबईचं विमान, पुढे रात्रभर रस्ता. बाकीचं मला फातिमाभाभीनं सांगितलं. काझीसाहेबांचा चहा पुन्हा पुन्हा गरम करून झाला होता, मंडपातली माणसं घड्याळं बघायला लागली होती आणि नसीम आतून निरोप पाठवत होती की अब्बा आल्याशिवाय काही सुरू करायचं नाही. तेवढ्यात हसनभाई दारात उतरले. कुर्त्याच्या खांद्यावर पांढरा ओघळ. बायकांना वाटलं, रंगवलेल्या भिंतीचा चुना लागला; तो ससाण्याचा आहेर होता. ते तसेच जावयासमोर जाऊन बसले आणि एकदाही न अडखळता सगळे शब्द म्हणाले. सराव झाला होता.

मला खुर्चीबद्दल ताकीद मिळाली. मी साठेला त्याचंच वाक्य ऐकवलं, 'काहीही करा, बर्ड्सना टच करू नका', तेव्हा प्रकरण मिटलं. खुर्ची खाणीवरच राहिली. बंद अवस्थेत ती बसायला उत्तम आहे, असं खाणकामगारांचं मत पडलं.

पुढे खाणीतलं सोनं संपलं. म्हातारीला उडायची परवानगी मिळेना. शेवटचं उड्डाण करून तिला शारजापलीकडच्या उम्म अल कुवैनला रस्त्याकडेच्या वाळूत उभं केलं. ही जागा कॅप्टन व्हिक्टरनं सुचवली होती. शारजात दारू मिळत नाही आणि तिथं मिळते, म्हणून त्याला त्या गावाबद्दल फार आपुलकी. हसनभाई गावी परतले आणि काही वर्षांनी, दुपारी सुरमईचं कालवण जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी आता शारजात अल नहदाला मुलाकडे राहतो. गॅलरीतून समोर दुबई दिसते आणि मध्ये तिच्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग.

मागच्या हिवाळ्यात साठेचा फोन आला. केस पिकलेत, हुद्दा आता 'हेरिटेज कन्सल्टंट'. म्हातारीला आतून पॉलिश करून त्यानं कॅफे उघडला होता. मी, बायको आणि नात सना, तिघं गेलो. साठेनं मला मिठी मारली, "काका, यू आर द रिअल हिरो," म्हणाला आणि मेनू हातात दिला. बायकोनं चहाचा भाव वाचला. "तीस दिरहम. म्हणजे सातशे रुपये," ती मोठ्यानं म्हणाली आणि सगळा कप संपवला, वर साखरही मागून घेतली.

"दादा, इट्स सो एस्थेटिक," सना म्हणाली. आमच्यात आजोबांना दादाच म्हणतात. ती भिंतीवरच्या एका मोठ्या फोटोकडे बघत होती.

मी चष्मा लावला. हसनभाई. पांढरा कुर्ता, डोक्याला रुमाल आणि हातावर ससाणा. मीच काढलेला फोटो. खाली इंग्रजीत आणि अरबीत लिहिलं होतं: 'वाळवंटाचा पुत्र. पारंपरिक ससाणा-पालक. हातात बेदुइनी विणकामाचा मोजा.' शेजारच्या काचेच्या कपाटात तसेच लाल-हिरवे मोजे विकायला ठेवलेले.

मी साठेला बाजूला घेतलं. "हे हसनभाई आहेत. खाणीवरचे स्वयंपाकी. तो मोजा त्यांच्या बायकोनं गोधडीचा शिवलाय."

"ओह वॉव. अमेझिंग." त्याला खरंच नवल वाटलं. मग विचारात पडला. "पण काका, कुक म्हटलं की स्टोरी डायल्यूट होते."

"स्टोरी राहू दे तुझी. नाव तर लाव."

"शुअर. ॲप्रूव्हल घेतो. नाव येईल, प्रॉमिस."

नसीम आता अल नहदालाच राहते, आमच्यापासून दोन इमारती सोडून. मी तिला सांगितलं. तिच्याकडे बापाचे परदेशातले फोटो म्हणजे फक्त पासपोर्टचे, कान दिसणारे. ती रोज फोन करून विचारायची, "काका, नाव आलं का?" शेवटी साठेचा मेसेज आला: 'गुड न्यूज काका, नेम ॲडेड.' रविवारी नसीम, तिचा नवरा, छोटा मुलगा आणि मी, सगळे नीटनेटके कपडे घालून उम्म अल कुवैनला निघालो. नसीमनं वाटेत मिठाई घेतली.

फोटोखाली नवी पितळी पट्टी बसवली होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'बर्क. बहिरी ससाणा.'

पासपोर्टवरून काढलं असणार. त्या पाखराचे कागद सगळे जपून ठेवलेले होते.

मला लाज वाटली आणि राग आला, दोन्ही एकदम. नसीमच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना. तिच्या हातात मिठाईचा पुडा तसाच होता. ती फोटोच्या अगदी जवळ गेली आणि बराच वेळ उभी राहिली.

तिच्या मुलानं तिची ओढणी ओढली. "मम्मा, हू इज दॅट मॅन?"

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं फोटो काढत होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती मराठीत म्हणाली, "हे माझे वली. यांनी माझा निकाह लावून दिला, म्हणून तू आहेस."

वेटर लगबगीनं काचेच्या कपाटापाशी आला. "मॅडम, ट्रॅडिशनल ग्लव्ह? टुडे डिस्काउंट."

"घरी आहे," नसीम म्हणाली. मिठाईचा पुडा तिनं त्याच्याच हातात ठेवला. "तुम्ही खा. माझ्या अब्बांच्या नावानं."

परत आल्यावर त्या दुपारी तिनं मला आपल्या घरी जेवायलाच थांबवून घेतलं. सुरमईचं कालवण केलं होतं. उकळतं पातेलं तिनं गोधडीच्या मोज्यानं उचलून आणलं. लाल रंग पार विटलाय, हिरवा थोडा शिल्लक आहे, आणि वरच्या बाजूला नख्यांची भोकं तशीच आहेत. पातेलं टेबलावर ठेवून तिनं बोट झटकलं.

मी म्हटलं, "पोरी, चटका बसतो तिथून. भोकं शिवून टाक."

"बसू दे काका," ती म्हणाली, आणि मला रस्सा वाढायला लागली.